आधी १९६५ चा खांदा सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. तेव्हापासून त्यांच्याविषयी जे जे वाचनात आलं, ते सगळं पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून त्यांनी केलेल्या पलायनाभोवतीच फिरतं. ती हकिगत आहेच तशी. पण त्याआधीची कामगिरी दोन ओळींत उरकली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

मी वायुदलात वीस वर्षं ग्राउंड क्रूमध्ये होतो. त्यांच्या स्क्वाड्रनमध्ये कधी नव्हतो. आमचं काम म्हणजे शिडीवर चढून वैमानिकाचे पट्टे आवळायचे, इजेक्शन सीटच्या (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीच्या) लाल फिती लावलेल्या पिना काढायच्या आणि एकेक मोजून त्याला दाखवायच्या. मग शिडी काढून बाजूला व्हायचं. आत वैमानिकाचा डावा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, आणि उजवा स्टिकवर, म्हणजे विमान वळवणाऱ्या दांड्यावर. विमान वळवायचं, सावरायचं, उतरवायचं, सगळी भिस्त त्या उजव्या हातावर.

१९६५ च्या युद्धात परुळकरांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला आणि जखम झाली ती नेमकी उजव्या खांद्याला. कमिशन मिळून तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती. सोबतच्या विमानांच्या लीडरचा सल्ला होता, विमान सोडून इजेक्ट हो. त्यांनी ते जखमी विमान तळावर परत आणलं. त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळालं.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला होता. शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं, दुधाची पिशवी उचलवत नव्हती. रोज मनात यायचं, अशा खांद्याने, तेही रक्त वाहत असताना, या माणसाने विमान उतरवलं कसं असेल?

१९७१ च्या युद्धात ते सुखोई-७ या लढाऊ विमानावर होते. १० डिसेंबरला विमान पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले. पुढचं सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये, वादळी पावसाच्या रात्री ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबतच्या कैदी वैमानिकांसह ते कोठडीची भिंत फोडून निसटले. पेशावर, जमरूद करत लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सरहद्द अगदी टप्प्यात आली होती. तिथे त्यांनी लंडी खानाला कसं जायचं म्हणून विचारलं आणि घात झाला. लंडी खानाचं रेल्वे स्टेशन १९३२ मध्येच बंद पडलं होतं, त्यामुळे संशय आला आणि ते पकडले गेले! हे वाचताना आजही माझ्या पोटात खड्डा पडतो. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्याहून ते मायदेशी परतले आणि त्यानंतरही वायुदलात राहिले, ग्रुप कॅप्टन झाले, विशिष्ट सेवा पदक मिळवलं.

सुटकेची गोष्ट मुलांना जरूर सांगावी, पण आधी १९६५ चा तो खांदा सांगावा. माझी एक विनंती आहे. त्या काळातले वैमानिक आणि ग्राउंड क्रू आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. आपल्या वार्ताहरांनी त्यांना गाठून ही माहिती मराठीत लिहून घ्यावी. नुसत्या अधिकाऱ्यांना नको, एअरमनलाही, म्हणजे अधिकारी नसलेल्या वायुसैनिकांनाही विचारा. त्या दिवशी ते विमान थांबल्यावर कुणी तरी शिडी लावली असेल, कुणी तरी त्यांचे पट्टे सोडवले असतील. तो माणूस सापडला तर मला कळवा. त्याला भेटायला कुठेही यायची माझी तयारी आहे.

– एक निवृत्त वायुसैनिक, लोहगाव, पुणे