सॅक भरली, पण रिकामा दिवस?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिमालयातल्या पदभ्रमणाच्या तयारीवरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. बूट, सॅक, टोपी, थर्मल, सगळं आलं. उंचीवरच्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून वाटेत नुसतं बसून काढायच्या दिवसाबद्दल मात्र एक ओळही नाही, म्हणून लिहितोय.

मी वडगावात यंत्रमाग चालवतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही सहा जण हिमाचलात मनालीजवळच्या हामटा खिंडीला गेलो होतो. तीन महिने दर रविवारी पहाटे सॅक पाठीला लावून राजहंसगड चढायचो. सूत तोलायच्या काट्यावर माझी सॅक पहिल्यांदा १७ किलो भरली. एकेक वस्तू काढत ११ वर आणली. आईने दिलेले मांडे काढायचं धाडस काही झालं नाही. गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनला पोचेपर्यंत त्यांचा भुगा झाला, आणि तोच आम्ही पुढे दुधात कालवून खाल्ला. स्टोव्हच्या गॅसची डबी रेल्वेत चालत नाही, ती मनालीतच घेतली. इथवर सगळं हिशेबात.

चुकला तो रजेचा हिशेब. मूळ बेतात मनालीत एक दिवस मुक्काम होता. माझी लग्नसराईची एक ऑर्डर मागे पडली होती, तेव्हा तो दिवस मीच खोडला. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर. मनाली दोन हजारांवर. रात्रभर बसमध्ये अवघडून मनालीत उतरलो, आंघोळी उरकल्या आणि तडक जीपने जोबरा. संध्याकाळी तंबू पडले ते चिक्याला, सुमारे ३१०० मीटरवर. दुसऱ्या दिवशी बालू का घेरा, सुमारे ३६००.

आमच्यातला सगळ्यात तगडा गडी, रोज तालमीत जाणारा, तिथे जेवला नाही. चिक्यालाच त्याचं डोकं दुखत होतं, पण आमचा बेत मोडेल म्हणून गपचूप गोळी घेऊन चालत राहिला. रात्री उलट्या सुरू झाल्या. बुटाची नाडी बांधायला वाकला तर तोल जाऊ लागला. वाटाड्याने दुसरं काही विचारलं नाही, "खाली" एवढंच म्हणाला. उजाडताच मी त्याला घेऊन उतरलो. जोबऱ्याला पोचल्यावर त्याने स्वतःहून चहा मागितला. बाकीचे चौघे खिंड ओलांडून छत्रूला उतरले.

राजहंसगडाने पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. ती आपल्याकडे कुठेच होणार नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरच. म्हणून ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, आणि त्रास वाढला तर उतरावं. हे डॉक्टर सांगतात, वाटाडेही सांगतात. आम्हीही ते वाचलं होतं, पण रजा मोजताना विसरलो.

हल्ली 'पाच दिवसांत हिमालय' अशा जाहिराती व्हॉट्सॲपवर रोज येतात. पैसे भरण्याआधी वाचकांनी एवढंच विचारावं: कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचं, आणि आजारी माणसाबरोबर खाली कोण उतरणार?

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा मुक्कामांच्या उंचीचा तक्ताही द्या. सॅकच्या त्या मोठ्या फोटोपेक्षा कमी जागेत बसेल.

आपला,
एक यंत्रमागधारक, वडगाव, बेळगाव