लहान मुलांना घेऊन एक रात्र जंगलात काढायची तर गोव्यात जायचं कुठे?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. आपल्या पेपरात टुरिझमच्या बातम्या रोज असतात, किती चार्टर विमानं आली, कुठल्या बीचवर किती गर्दी, शॅकवाल्यांना परवाने मिळाले की नाही वगैरे. पण गोव्यातच राहणाऱ्या माणसांना आपली लहान पोरं घेऊन, दोस्तमंडळींच्या कुटुंबांबरोबर शनिवार-रविवार एक रात्र तंबूत काढायची झाली तर त्यांनी जायचं कुठे, याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही फोंड्याकडची चार कुटुंबं, कॉलेजपासूनची मैत्री, पोरं तीन वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची. नाताळच्या सुट्टीत सांगे तालुक्यात एका खाजगी कॅम्पवर गेलो. 'फॅमिली कॅम्पिंग' अशी इन्स्टाग्रामवर जाहिरात होती, तरी फोन करून सगळं विचारून घेतलं होतं, लहान मुलं आहेत, टॉयलेट कसं आहे, रात्री गाणी-बिणी लावतात का. सगळ्याला हो मॅडम, काही काळजी करू नका. जागा खरंच छान होती, ओहोळाचा काठ, एका बाजूला कुळागर म्हणजे पोफळीची बाग, मागे डोंगर. पोरं संध्याकाळपर्यंत पाण्यात खेकडे शोधत होती, मोठी मुलं लहानांचा हात धरून दगडांवरून नेत होती, कोणी सांगितलं नव्हतं. वरच्या झाडावरून शेकरू उडी मारून पलीकडे गेलं तेव्हा सगळी एकदम गप्प झाली. घरी वांग्याला हात न लावणाऱ्या मैत्रिणीच्या मुलाने चुलीवरचं वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं.

पण अंधार पडल्यावर पलीकडच्या तंबूंत एक मोठा ग्रुप आला, त्यांनी मोठे स्पीकर लावले, दारू तर होतीच. ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. मॅनेजरला सांगितलं तर म्हणे त्यांनीही पैसे भरलेत. त्यांनी पैसे भरलेत म्हणून तीन वर्षांच्या पोरीने कानावर हात ठेवून झोपायचं का?

आणि टॉयलेट. सगळ्या कॅम्पला मिळून एकच, आत दिवा नाही, कडी लागत नाही, आणि नऊ वाजेपर्यंत त्याची अवस्था अशी झाली की मोठं माणूससुद्धा आत पाय ठेवणार नाही. मैत्रिणीची सहा वर्षांची मुलगी संध्याकाळपासून लघवी दाबून बसली होती, आत जायला घाबरत होती, बाहेर झाडीत बसायला लाजत होती कारण पलीकडे अनोळखी पुरुष फिरत होते. शेवटी पोटात दुखायला लागल्यावर रडली तेव्हा आम्हाला कळलं. मग आम्ही तिघी बायका चादरीचा आडोसा धरून उभ्या राहिलो, एकीने टॉर्च धरला, एकीने बादली. ज्या घरात लहान मुली आहेत त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच समजेल. मुलांचं कॅम्पिंग सगळ्यात आधी टॉयलेटवर अडतं, तंबू कुठल्या कंपनीचा आणि स्लीपिंग बॅग किती भारी हे सगळं नंतरचं.

मध्यरात्र उलटल्यावर स्पीकर बंद झाले. तेव्हा जागी होती ती दोन मोठी मुलं. त्यांना बाहेर काढून मृग नक्षत्र दाखवलं, कृत्तिकेचा पुंजका दाखवला, कोणाला सहा दिसल्या कोणाला सात त्यावर दोघांचं भांडण. तेवढ्यात झाडीतून ठक ठक ठक असा एकसारखा आवाज यायला लागला, मुलगा विचारतो एवढ्या रात्री लाकडं कोण फोडतंय. रातवा पक्षी तो. अर्धा तास दोघं तो आवाज ऐकत मांडीला मांडी लावून बसली. हे ऐकायला आणि बघायला आम्ही गेलो होतो, आणि बाकीच्या पोरांना ते मिळालंच नाही कारण ती रडून रडून तोपर्यंत झोपली होती.

आता मुद्द्याचं. गोवा ३७०२ चौरस किलोमीटर, त्यातले साधारण ७५५ चौरस किलोमीटर अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यान, म्हणजे पाचवा हिस्सा. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, कुठलंही घ्या, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरापासून दोन तासांच्या आत आहे. पण आमच्या पोरांना जंगल म्हणजे शाळेच्या पिकनिकला बघितलेला बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयातला पिंजरा एवढंच ठाऊक. २०२० मध्ये मोल्यातून जाणारी रेल्वे, हायवे आणि वीजवाहिनी यांच्या विरोधात किती तरुण पोरं रस्त्यावर उतरली ते आपण बघितलं, पुढे मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्दही केली. उद्या असा प्रश्न परत आला तर आजच्या पोरांना त्या जंगलाबद्दल काय वाटणार आहे, त्यांनी तिथे एक रात्रही काढली नसेल तर? ही गोष्ट मला फार लागते, खरं सांगते.

बीचवर जा असं लोक सांगतात. बीचवर उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला कायद्याने बंदी आहे, २०१९ साली त्यात दुरुस्ती करून एकट्या माणसाला २००० आणि ग्रुपला १०,००० रुपये दंड तेव्हा ठेवला होता, आणि ते योग्यच केलं, फुटलेल्या बाटल्यांनी पोरांचे पाय कापायचे. शिवाय गालजीबाग, आगोंद, मोरजी, मांद्रे इथे थंडीच्या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं बाहेर पडल्यावर उजेडाच्या दिशेने जातात, तिथे तंबू ठोकून दिवे लावणं बरोबर नाही. म्हणजे बीच नाही, खाजगी कॅम्पचं हे असं, आणि जंगलात कुठेही तंबू ठोकायला परवानगी नाही, तेही बरोबरच. मग जागा कुठली ते कोणीतरी सांगावं.

माझं म्हणणं एवढंच की मोले, बोंडला, खोतीगाव इथे राहायच्या सोयी आधीपासून आहेतच, कर्मचारी आहेत, गेट आहे, पाणी आहे, तिथेच गेटजवळचा मोकळा सपाट तुकडा मुलं असलेल्या कुटुंबांच्या तंबूंसाठी राखून ठेवा. आत खोल जंगलात नको, वाघ-बिबट्यांच्या वाटेत तर मुळीच नको. स्वच्छ टॉयलेट, बायकांचं वेगळं, आत दिवा, नीट लागणारी कडी, लहान मुलाचा हात पोचेल असा नळ. स्पीकर आणि दारू पूर्ण बंद, आणि बंद म्हणजे बंद, गेटवरच बॅग बघा, आमचीही बघा. रात्री एक गार्ड. जेवणाचं गावातल्या बायकांच्या सेल्फ हेल्प ग्रुपला द्या, नाचणीची भाकरी, पेज, तोराचं (छोट्या कैरीचं) लोणचं, आम्हाला नूडल्स नकोत. खोतीगावच्या बाजूला वेळीप या आदिवासी समाजाची मंडळी पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यातल्या एखाद्या काका-मावशीने सकाळी तासभर पोरांना फिरवून कुठल्या झाडाचं काय करतात ते सांगितलं तरी पोरं वर्षभर विसरणार नाहीत, आणि त्या माणसाला त्याचे पैसे मिळावेत.

शेकोटीचं मात्र कडक धोरण हवं. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलात आगी लागल्या तेव्हा पाणी टाकायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली, ते दिवस कोण विसरलंय. त्यामुळे फक्त थंडीत, ठरलेल्या बांधीव जागी, लाकडं त्यांनीच द्यायची, झाडाची फांदी कोणी मोडायची नाही, आणि फेब्रुवारीनंतर शेकोटी नाहीच.

तब्येतीचंही. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे पेशंट सापडलेत, तो गोचिडीतून पसरतो, म्हणून त्या भागात जानेवारी ते मे तंबू नकोतच, आणि इतर ठिकाणीही मुलांना फुल पँट घालून संध्याकाळी काखा, मान, कानामागे बघायला हवं हे गेटवर मोठ्या अक्षरात लिहावं. रात्री टॉर्चशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, सकाळी बूट झाडून मगच घालायचे. सर्पदंशावरचं आपलं नेहमीचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, घाटातल्या चापड्यांवर नाही, तरी कुठलाही साप चावला तर ब्लेड मारत, करकचून बांधत, मांत्रिक शोधत बसायचं नाही, मुलाला हालचाल करू न देता सरळ हॉस्पिटल गाठायचं. आतल्या भागात मोबाइलला रेंज नसते, १०८ ला फोन लावणार कुठून? म्हणून सरकारी गेटजवळची जागा हवी, जिथे निदान वायरलेस किंवा लँडलाइन आणि एक गाडी असेल.

कोणी म्हणेल एवढी लहान पोरं नेताच कशाला, मोठी झाल्यावर जा. माझे सासरे सांगतात, त्यांच्या लहानपणी रानडुकरांपासून भात राखायला शेतात माळा बांधून सगळी भावंडं झोपायची, पाच-सहा वर्षांची असताना. आजच्या मुलांना अंधाराची भीती वाटते कारण त्यांनी अंधार बघितलेलाच नाही. आणि चार कुटुंबं एकत्र गेली की एकाची आई सगळ्यांची आई होते, रात्री कोणाचं पोर कोणाच्या तंबूत झोपलंय याचा पत्ता नसतो, फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या एकेकट्या पोरांना हे कुठून मिळणार.

फुकट मागत नाही आम्ही. फी घ्या, डिपॉझिट घ्या, कचरा मागे टाकला तर डिपॉझिट परत देऊ नका. फक्त ऑनलाइन बुकिंगमध्ये काही जागा गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांसाठी ठेवा, नाहीतर सीझनमध्ये सगळं बाहेरच्या ग्रुपनी महिनाभर आधीच भरलेलं असतं. सुरुवातीला एकाच ठिकाणी करून बघा, बोंडला सोपं पडेल, रस्ता चांगला आहे आणि फोंडा जवळ आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दोन टॉयलेट आणि आठ-दहा तंबूंची सपाट जागा तयार झाली तरी आमच्यासारखी कितीतरी घरं पहिल्याच शनिवारी यायला तयार आहेत. इतर पालकांनीही आपापले अनुभव आपल्या पेपरकडे आणि वनखात्याकडे लिहून पाठवावेत.

— एक आई, फोंडा