पाटणच्या त्या काकांसाठी

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात नरक्याच्या झाडावर फोटोसकट बातमी आली, आपल्या डोंगरातल्या झाडात कॅन्सरवरचं औषध वगैरे. बातमी खोटी नव्हती. पण चौथ्या दिवशी पाटणकडचे एक काका आमच्या लॅबच्या दारात हजर, मी कराडला एका कॉलेजात केमिस्ट्री लॅब असिस्टंट आहे. काकांच्या हातात हातभर लांब ओलं मूळ, माती तशीच आणि गुंडाळलंय तुमच्याच पेपरात. म्हणाले घरात पेशंट आहे, यात ते औषध आहे का तेवढं बघून द्या, म्हणजे काढा करायला बरं.

आता पान नाही फूल नाही, नुसतं मूळ, ते नरक्याचंच कशावरून? (फूल असतं तर वासावरूनच कळलं असतं, नाव उगीच नाही पडलेलं.) आणि बघून द्यायचं म्हणजे मूळ सावलीत वाळवा, दळा, मिथेनॉलमध्ये भिजत घाला, गाळून आटवा, मग सिलिकाच्या प्लेटवर बारीकसा ठिपका द्या, शेजारी विकत आणलेल्या शुद्ध कॅम्प्टोथेसिनचा (म्हणजे नरक्यातल्या त्या कॅन्सरवरच्या द्रव्याचा) ठिपका, प्लेट सॉल्व्हंटमध्ये उभी करा, दोन्ही ठिपके सारख्याच उंचीवर चढले आणि यूव्ही दिव्याखाली निळे चमकले तरी 'असावं' एवढंच म्हणता येतं, पुढं खात्रीला मास आणि एनएमआरची, म्हणजे रेणूचं वजन आणि रचना दाखवणारी मशिनं लागतात, ती आमच्याकडं नाहीत. रंगावर तर अजिबात जाऊ नये. चित्रकाच्या मुळाच्या पिवळ्या अर्कात चुन्याची निवळी टाकली की लाल होतो, पोरं खूश होतात, पण मंजिष्ठाचं मूळसुद्धा तसाच लाल रंग देतं. आणि त्याच चित्रकाचं मूळ एका पोरानं गंमत म्हणून मनगटावर चोळलं तर संध्याकाळी हा एवढा फोड!

बातमीत जे राहिलं ते सांगतो. कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा 1966 साली अमेरिकेत वॉल आणि वाणी यांच्या टीमनं एका चिनी झाडातून काढलं, यातले वाणी म्हणजे आपल्या नंदुरबारचे. 1972 ला गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच आपल्या नरक्यात सापडलं. पण ते पाण्यात धड विरघळत नाही, त्याचं सोडियम सॉल्ट करून पेशंटना दिलं तर लघवीतून रक्त जायला लागलं आणि त्या ट्रायल बंद कराव्या लागल्या. मग रेणूतच फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं बनवली, त्यांना अमेरिकेत 1996 ला मंजुरी मिळाली, आणि तीही डॉक्टर रक्त तपासून, मोजून देतात. घरी उकळलेल्या काढ्यात किती उतरलं हे कोण मोजणार?

हे सगळं मी काकांना सांगणार होतो. त्यांना स्टुलावर बसवून मॅडमना बोलवायला आत गेलो, येईपर्यंत काका मुळासकट गेलेले. नाव विचारायचं पण राहिलं.

म्हणून विनंती, पुढच्या वेळी झाड कुठल्या घाटात आहे ते छापू नका आणि काढा पिऊ नका हे मात्र ठळक छापा. ज्यांना झाड ओळखून हवंय त्यांनी पानाफुलाचा फोटो आणावा, झाड उपटू नये. आणि हे पत्र शक्यतो ती बातमी होती त्याच पानावर घ्या, काका पेपर वाचतात एवढं नक्की.

– एक लॅब असिस्टंट, कराड, जि. सातारा