उद्यानाचं कुलूप सूर्याआधी निघावं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की ‘मुलांना मोबाइलपासून सोडवा, बाहेर खेळायला न्या’ हे सगळीकडून ऐकू येतं. मी नेते, रोज नेते. अडतं ते उद्यानाच्या कुलपापाशी.

मी नागपूरची. बत्तीस वर्षं बालवाडीत शिकवून निवृत्त झाले. मुलगा-सून कामावर जातात, त्यामुळे पाच वर्षांचा नातू आणि साडेतीन वर्षांची नात दिवसभर माझ्याजवळ असतात. मे महिन्याच्या मध्यावर आमच्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, मुंबईच्या जवळजवळ अर्धा तास आधी. पोरं तर पाचलाच उठून बसलेली असतात. आणि आमच्या वस्तीतलं उद्यान उघडतं साडेसहाला. आठ वाजता ऊन चटके देऊ लागतं, म्हणजे लहान मुलांच्या वाट्याला जेमतेम दीड तास आला. संध्याकाळी फाटक पाचला उघडतं. तेव्हा पारा चव्वेचाळीसच्या आसपास असतो आणि जमीन भट्टीसारखी वाफ सोडत असते. जरा वारा सुटून अंगाला बरं वाटू लागतं तेच आठ वाजता शिटी वाजते. चौकीदाराला मी दोष देत नाही, त्याला जी वेळ सांगितली ती तो पाळतो.

गेल्या वर्षी त्या पाचच्या उन्हात नात पत्र्याच्या घसरगुंडीवर बसली आणि किंचाळलीच. मांडीला फोड आला. तेव्हापासून मी हाताची मागची बाजू आधी पत्र्यावर टेकवते आणि मनात दहा अंक मोजते. दहापर्यंत हात ठेववला नाही तर त्या दिवशी घसरगुंडी नाही. तिच्याभोवती आता हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलंय. दिसायला छान, पण उन्हात ते साध्या मातीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. अनवाणी पाऊल टेकवून एकदा कोणी साहेबांनी बघावं.

मग आम्ही पहाटे खेळतो कुठे? फाटकाबाहेर, फुटपाथवरच्या गुलमोहराखाली. मे महिन्यात तिथे फुलांचा सडा पडलेला असतो. ‘कोंबड्यांची झुंज’ आम्ही लहानपणी खेळायचो, तीच आता ही दोघं खेळतात. फुलातले दोन केसर घ्यायचे, त्यांची डोकी एकमेकांत अडकवायची आणि ओढायचं. ज्याचं डोकं तुटलं त्याचा कोंबडा हरला. एका फुलात दहा केसर, म्हणजे पाच जोड्या. नातू त्यातच मोजायला शिकला. नातीला मी पाकळ्या विचारते. चार लाल आणि पाचवी पांढुरकी, ठिपक्यांची. ‘ही वेगळी का, आजी?’ हा प्रश्न तिने स्वतःहून विचारला, तेव्हा मला माझी बालवाडी आठवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर बिया, पानं, खडे, माती यांनाच शिकवण्याचं साहित्य मानलं होतं. आम्ही बालवाडीच्या बाया त्याच वाटेने गेलो. चिंचोके, करंजाच्या शेंगा, लगोरीला फुटक्या फरशीचे तुकडे, मुलाला याहून जास्त काही लागत नाही. सावली मात्र लागते. आणि पाणी.

पाण्याचं नव्या आईबापांना मुद्दाम सांगते. लहान अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं आणि खेळात रमलेलं मूल पाणी मागत नाही. मी दर वीस मिनिटांनी खेळ थांबवून दोन-दोन घोट पाजते, घरी गेल्यावर पन्हं देते. मूल उगाच किरकिर करू लागलं, चेहरा लालबुंद झाला, किंवा लघवी पिवळीजर्द दिसली, तर खेळ तिथेच संपवायचा. साडेसातला आम्ही घरात. दुपारी कूलरसमोर भातुकली. रात्री गच्चीवर सतरंजी टाकून सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे नेत स्वातीची चांदणी शोधायची. पण गच्चीवर धावता येत नाही आणि या वयाचं मूल धावल्याशिवाय झोपत नाही.

फुटपाथवर मात्र माझा जीव टांगणीला असतो. नातवाचा चेंडू रस्त्यावर गेला की पाठोपाठ तोही जातो, आणि पहाटे दुधाच्या गाड्या जोरात असतात. हाताच्या अंतरावर, गजांच्या आत, मोकळं मैदान रिकामं पडलेलं असतं.

म्हणून मागणं एवढंच. एप्रिलपासून मृग लागेपर्यंत विदर्भातली उद्यानं सकाळी साडेपाचला उघडावीत आणि रात्री साडेनऊपर्यंत दिवे लावून चालू ठेवावीत. घसरगुंडीवर या आठवड्यात हिरवी जाळी ताणावी, आणि येत्या पावसाळ्यात तिच्या पश्चिमेला कडुनिंब, करंज लावावेत. प्लास्टिकचं गवत काढून तिथे वाळू टाकावी.

इतक्या पहाटे माणूस मिळत नाही, असं मला तोंडी उत्तर मिळालं. आमच्या गल्लीत पाचला उठणारे निदान सहा आजी-आजोबा आहेत. मी सगळ्यांना विचारलंय, पाळ्याही ठरल्या आहेत. किल्ली आमच्याकडे द्या, सोमवारची पाळी माझी.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, नागपूर