किलिमांजारो ट्रेकचा परस्पर बदललेला कार्यक्रम आणि तयारीच्या चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

टांझानियातील किलिमांजारो ट्रेकसाठी माझी आणि माझ्या पुतणीची नोंदणी आपल्याकडे आहे. पूर्ण रक्कम केव्हाच भरून झाली. निघायला तीन आठवडे उरले असताना आपला ‘अंतिम कार्यक्रम’ हाती आला. फोन केला की "मॅडम, टेन्शन घेऊ नका" यापलीकडे उत्तर मिळत नाही, म्हणून हे लेखी.

नोंदणीच्या वेळी दिलेल्या पत्रकात मचामे मार्गाने डोंगरावर सात दिवस असे छापले होते. आता सहाच आहेत. करांगा कॅम्पचा मुक्काम गाळला आहे आणि तसे कळवण्याची तसदीही कोणी घेतली नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा कळले. आपले प्रतिनिधी म्हणतात, तो दिवस तसाही रिकामाच असतो. बरांको आणि करांगा हे दोन्ही कॅम्प साधारण 4,000 मीटरवर आहेत आणि त्यांच्यामधली चाल थोडी आहे. शिखराआधी शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणूनच तिथे एक रात्र जास्त काढतात. ती काढून टाकली की बरांकोची भिंत म्हणजे तिथला उभा कडा चढायचा, करांगा ओलांडायचे, त्याच दिवशी 4,673 मीटरवरचा बराफू कॅम्प गाठायचा, चार घास पोटात ढकलून आडवे व्हायचे आणि रात्री बाराच्या सुमारास हेडटॉर्च लावून शिखराकडे निघायचे. ज्वालामुखीच्या कड्यावरच्या स्टेला पॉइंटपर्यंतच सहा-सात तास लागतात. पुढे 5,895 मीटरवरच्या उहुरू शिखरावर ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. तिथून त्याच दिवशी 3,100 मीटरवरच्या म्वेका कॅम्पपर्यंत उतरायचे. हे काहींना जमतही असेल, पण आम्ही पैसे सात दिवसांचे भरले आहेत.

"कळसूबाई केलंय ना, मग झालं" हे वाक्य कृपया आपल्या लोकांनी बंद करावे. कळसूबाई 1,646 मीटर आहे. मचामे मार्ग जिथे सुरू होतो ते गेटच जवळपास तेवढ्या उंचीवर आहे. सिंहगडाच्या फेऱ्यांनी दम वाढतो, पाय तयार होतात, आणि ते आम्ही करत आहोतच. उंचीची सवय मात्र उंचीवर मुक्काम केल्यावरच होते.

बरे, दिवस कमी झाला तरी रक्कम तेवढीच. उद्यानाचे प्रवेश आणि कॅम्पिंगचे शुल्क माणशी दिवसाला शंभर डॉलरच्या वर जाते. ते वाचले ते कोणाच्या खात्यात?

आता तयारीच्या सूचनांबद्दल. ग्रुपवर "सर्वांनी डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) सुरू करावे" असा मेसेज आला. डायमॉक्स हे सल्फा गटाशी नाते असलेले औषध आहे, आणि माझ्या पुतणीला सल्फाची ॲलर्जी आहे, हे आपण भरून घेतलेल्या आरोग्य अर्जात ठळक लिहिले आहे. अर्ज वाचायचाच नसेल तर भरून का घेता? औषधाचा निर्णय आमचे डॉक्टर घेतील.

परतीचे विमान नैरोबीमार्गे असून तिथे रात्रभर थांबायचे आहे. केनियातून भारतात येणाऱ्याकडे यलो फीव्हर लसीचे प्रमाणपत्र लागते, ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि लस ठरावीक केंद्रांवरच मिळते. आपल्या तयारीच्या यादीत याचा उल्लेखच नाही. मैत्रिणीने सांगितले म्हणून वेळेत कळले. त्याच यादीत कपडे "प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये गुंडाळा" असे आहे. टांझानियात 2019 पासून कॅरीबॅगवर बंदी आहे, बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनाही. आणि विमा? पॅकेजमधली पॉलिसी 4,000 मीटरपर्यंतच लागू आहे, म्हणजे खरी भीती सुरू होते तिथे ती संपते.

पोर्टरकडे द्यायची डफल बॅग 20 किलोपर्यंत चालेल, असेही लिहिले आहे. तंबू-भांड्यांसह पोर्टरच्या ओझ्याची मर्यादाच 20 किलो आहे. आमच्या बॅगा 15 किलोच्या आत राहतील. बाकीच्यांनाही तसे कळवा.

आमची मागणी अशी: करांगाचा मुक्काम पूर्ववत करून तसा कार्यक्रम लेखी द्यावा, 6,000 मीटरपर्यंतचा आणि हेलिकॉप्टर बचाव धरणारा विमा आपल्या खर्चाने काढून द्यावा, आणि दुरुस्त यादी सर्व सहभागींना पाठवावी. मुक्काम देणे शक्य नसेल तर कोणतीही कपात न करता दोघींची रक्कम परत करावी. आठ दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दोन्ही कार्यक्रमपत्रिका, पावत्या, आरोग्य अर्जाची प्रत आणि ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव व नोंदणी क्रमांक पाकिटावर)