एक पोस्टर, एक मोंढा

लातूर, २० ऑगस्ट

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

परभणीला ग्राफिक डिझाइन आणि ऑडिओ एडिटिंगचा वर्ग तुझ्याकडं आलाय, म्हणून सविस्तर लिहितो. मेनू शिकवत बसू नको. पंधरा टूल दाखवले की पोरं पंधराही एकाच पोस्टरवर वापरतात. दोनच कामं दे, त्यांना कडक अटी घाल, आणि तपासणी लॅबच्या स्क्रीनवर करू नको. पोस्टर भिंतीवर बघायचं, आवाज साध्या मोबाइलवर ऐकायचा.

पोस्टरचा विषय तोंडावरच आहे: १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. फोटो नाही, रंग दोन, फाँट एक. मजकूर एवढाच: नाव, तारीख, वेळ, जागा. इंकस्केप हे आकृत्या-अक्षरांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि एवढ्याला पुरतं. कागद ए-३, म्हणजे २९७ × ४२० मिमी. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारी बाजूंनी ३ मिमी जास्त सोडायला लाव. कटिंग जरा सरकलं तरी पांढरी रेघ दिसत नाही.

खरी गंमत देवनागरीत आहे. शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून पोरं अक्षरांमधलं अंतर वाढवतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. अंतर शून्यच ठेवायचं. मोठेपणा हवा तर आकार वाढवायचा. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबानं ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या अनुस्वारावर आदळतो, म्हणून अक्षराच्या आकाराच्या १.४ पटीपासून सुरुवात करू दे. कुणी फोटोशॉपवर करत असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडलंय का बघ. नसेल तर ‘मुक्तिसंग्राम’मधला क पाय मोडून उभा राहतो आणि वेलांटी त-च्या पलीकडं जाते. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही तपास. काही फाँट मजकुराची भाषा मराठी केल्यावरच ते देतात.

आकारात लाज नको. शीर्षक १२० पॉइंट, तारीख ६०, बाकी २८ असं ठेवून पाहा. ४०, ३६, ३२ ठेवलं की सगळंच ओरडतं आणि काहीच ऐकू येत नाही. प्रिंट भिंतीला लावून दहा फुटांवरून नाव आणि तारीख वाचता आली तरच पास.

छपाईला देताना अक्षरांचे पाथ करून, म्हणजे अक्षरं नुसत्या आकृत्या बनवून, पीडीएफ दे. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडं जुने, युनिकोड नसलेले फाँट चालतात; तुझी अक्षरं तिथं चौकोन होऊन बसतील. पण पाथ केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी ठेवायला सांग. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मळका उतरतो, म्हणून एक नमुना प्रिंट आधी काढायचीच.

आता आवाज. काम: मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे, ९० सेकंद, निवेदक नाही. सौद्याची बोली, हमालांची हाकाटी, काट्यावर पडणारं पोतं, असं सुटं सुटं गोळा करायचं. आडत्याला विचारून, हे निक्षून सांग. मोबाइल फ्लाइट मोडवर, रेकॉर्डिंग शक्यतो वेव्हमध्ये (आवाज न दाबता साठवणारी फाइल), ४८००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८००० नमुने. सर्वांत मोठ्या आवाजाला रेकॉर्डिंगच्या मीटरचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि तो नीट शिवता येत नाही. कमी आला तर वाढवता येतो. प्रत्येक जागी अर्धा मिनिट कुणी न बोलता नुसता तिथला गलका टिपायचा. तुकडे जोडताना मधल्या फटी त्यानंच बुजतात. फटीत ठार शांतता टाकली तर कान लगेच अडखळतो.

ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडा कापण्याआधी निवड करून झेड दाबायचं. कट लहरीच्या शून्यावर जातो, ‘टक्’ आवाज येत नाही. तरी आलाच तर दोन्ही टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड, म्हणजे आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं. वाऱ्याच्या घरघरीला ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर; तो त्याखालचे खर्जातले आवाज गाळतो. नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणारा इफेक्ट) मात्र बाजारात वापरू देऊ नको. तिथला गोंगाट हाच माल आहे. ते पंख्याच्या सलग घुंईसाठी, आणि तिथंही १२ डेसिबलपुरतं. त्यापुढं माणूस रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. क्रमही ठरलेला: आधी सफाई, मग कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा), शेवटी लाउडनेस. कॉम्प्रेसर आधी लावला की बारीक खरखरही वर येते. स्टिरिओ फाइल उणे १६ लफ्सला (LUFS, कानाला जाणवणाऱ्या एकूण मोठेपणाचं माप) आणायची.

लॅबमधली ऑडॅसिटी ३ च्या आधीची असेल तर एक घोळ ठरलेला: प्रोजेक्टच्या फाइलबरोबर डेटाचं फोल्डरही न्यावं लागतं. पोरं एकटी फाइल पेनड्राइव्हवर आणतात आणि उघडल्यावर आवाज गायब. ३ पासून सगळं एकाच फाइलमध्ये राहतं. लाइटचा भरवसा नाही, तेव्हा दर दहा मिनिटांनी सेव्ह करण्याची सवय लाव.

गुण देताना निम्मे मूळ फाइलला ठेव. लेयर आणि ट्रॅकना नावं दिलीत का, काय दडवलं, काय काढून टाकलं, तिथंच पोराचं डोकं दिसतं. उतरवलेलं कामही तिथंच पकडलं जातं.

कार्यक्रमाला पोस्टरचा फ्लेक्स करणार असशील तर माप आधी कळव. ६ × ४ फुटांना ७२ डीपीआय (इंचाला ७२ ठिपके) पुरे होतं, ३०० ला फाइल उगाच जड होईल.

तुझा,
विलास