पवनचक्की आणि आपला फड

नाशिक,
गुढीपाडवा

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री घरी पोचलो. द्राक्षांचं काम नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला दोन दिवसांत उरकलं, त्याचा हिशेब भेटीत सांगेन. आज लिहितोय ते किंडरडाइकबद्दल.

रॉटरडॅमहून जवळच आहे हे गाव. कालव्याच्या काठानं १९ जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत, बहुतेक १७३८ ते १७४० च्या सुमाराच्या. मला वाटलं, दळणाच्या असतील. पण या पाणी उपसायच्या! तिथली जमीन नदीपेक्षा खोल, पावसाचं पाणी आपणहून जातच नाही. वाऱ्यानं पाती फिरली की आतली लाकडी चक्रं फिरतात, तळाचं मोठं चाक पाणी वरच्या कालव्यात लोटतं आणि तिथून ते नदीत जातं.

एका चक्कीत शिरलो. लाकडी दात्यांना चोपडलेल्या मेणाचा वास, भिंतीतल्या कपाटात बिछाना. पोरंबाळं इथेच वाढायची. बाहेर पातं अगदी जमिनीजवळून जायचं, सूंऽ करत, की मी दोन पावलं मागेच सरलो. वारा फिरला की चक्कीचं डोकं मागच्या चाकानं ओढून वाऱ्यासमोर आणायचं. पात्यांवर कापड ताणायचं, वारा वाढला की गुंडाळायचं. हे सगळं माणसानं, आभाळाकडे बघत.

आता उपसा पंप करतात. तरी चक्क्यांत माणसं राहतात आणि त्या चालवतातही. १९९७ साली युनेस्कोनं ही जागा जागतिक वारशात घेतली. मला मात्र त्याहून मोठी वाटली ती २०१७ ची गोष्ट: चक्की चालवण्याची विद्याच त्यांनी वारसा म्हणून नोंदवली. नुसते दगड-लाकूड नाही रे, हात!

आणि तिथे उभ्या उभ्या मला तुमचे मोसम नदीकाठचे फड आठवले, एकाच बंधाऱ्याच्या पाटावर पाळीनं भिजणारे शेतांचे गट. बंधारा आहे, पाट आहे, सांडवा आहे. पण कुणाची बारी कधी, पाट कुठे फोडायचा, पाणी कमी असलं तर कुठला फड कोरडा ठेवायचा, हे सगळं पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकरी तात्यांच्या डोक्यात. कुठे लिहिलेलं नाही. माझ्या पोटात कालवलं बघ.

येत्या रविवारी मी येतोय. तात्यांना सांगून ठेव. बंधाऱ्यापासून पाटाच्या शेवटापर्यंत त्यांच्यासोबत चालू, ते सांगतील ते मी वहीत उतरवीन. तुझ्या पोरालाही घे, फावडं त्याच्या हाती दे. सकाळी लवकर निघू, ऊन चढलं की तात्यांना चालवत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अण्णा